उन्हाळ्यात गडावर पाणी, पावसाळ्यात धबधबा उलटा

मे महिन्याचे ऊन. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या वाडीतून गडाची वाट धरलेला ट्रेकर पाहतो, तर विहिरीचा तळ उघडा पडलेला असतो आणि रस्त्याच्या कडेला रिकामे हंडे टँकरची वाट पाहत रांगेत मांडलेले असतात. वर तर काहीच मिळणार नाही, या हिशेबाने तो दोन बाटल्या जास्त भरून घेतो. तीन तास घाम गाळून माथ्यावर पोचतो आणि चकित होतो. कातळात कोरलेले टाके पाण्याने अर्धे भरलेले असते आणि पाणी दात कडकडतील इतके गार. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत तर भर उन्हाळ्यातही शिवलिंगाला प्रदक्षिणा घालायची म्हणजे पाण्यातूनच चालावे लागते. पाणी वरून खाली वाहते हे शेंबडे पोरही सांगेल. मग गाव कोरडे आणि गड ओला, हे कसे?

डोंगरात भटकणाऱ्यांना अशी कोडी जागोजागी भेटतात. फुटलेल्या दगडात चमचमणारे स्फटिक, कड्याला आरपार पडलेले भोक, आकाशाकडे उडणारा धबधबा, धुक्यात आपल्याच सावलीभोवती उमटलेले रंगीत कडे, काळोखात उजळलेले कुजके लाकूड. ही नवले एकमेकांपासून दूरची वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे: लाव्ह्याच्या थरांनी रचलेला डोंगर आणि कोकणाच्या बाजूला एकदम तुटलेला त्याचा कडा.

थरावर थर

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राची जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर पडून दूरवर पसरला. चित्रात दिसतो तसा शंकूच्या आकाराचा एकच ज्वालामुखी इथे नव्हता. एक थर थंड व्हायचा, काही काळ शांततेत जायचा, मग त्याच्यावर दुसरा. असे कित्येक थर साचत गेले. बहुतेक लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांच्या अवधीत बाहेर आला, असे खडकांच्या वयाची मोजणी सांगते. माणसाला हा काळ प्रचंड वाटतो, पृथ्वीच्या हिशेबात तो थोडका आहे. आज हा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते.

प्रत्येक थराच्या अंगात फरक असतो. आंबोळीचे पीठ तव्यावर पडले की आतली वाफ बुडबुड्यांनी वर येते, वरची बाजू आवळते आणि तिथे जाळी राहते. तव्याला लागलेली खालची बाजू मात्र घट्ट होते. लाव्ह्यातले वायूही असेच वर सरकले आणि पृष्ठभाग गोठताना तिथेच अडकले. म्हणून थराचा मधला भाग भरीव, काळा पाषाण आणि माथ्याकडचा भाग भोकाभोकांचा झाला.

दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला असेल, तर थराचा माथा ऊनपावसाने झिजून त्याची माती व्हायची. पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावर पसरला की ती भाजून निघायची. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला किंवा गडाच्या कड्यात हातभर ते पुरुषभर जाडीचा तांबडा पट्टा आडवा धावताना दिसतो, तो हाच. भूवैज्ञानिक त्याला ‘रेड बोल’ म्हणतात. हा थर चिकणमातीचा असल्यामुळे पाणी त्यातून सहजी खाली जात नाही.

टाक्यात पाणी टिकते कसे?

आता गडावरच्या पाण्याचा उलगडा होतो. पावसाळ्यात माथ्यावर पडलेले पाणी भोकाभोकांच्या, भेगाळलेल्या खडकात मुरते. खाली जाता जाता त्याला भरीव पाषाण किंवा तांबडी चिकणमाती आडवी येते. वाट बंद झालेले पाणी मग आडवे सरकते आणि कड्याच्या अंगातून झिरपू लागते. ट्रेकर ज्याला ‘जिवंत झरा’ म्हणतात, तो बहुधा अशा दोन थरांच्या सांध्यावर असतो. उन्हाळ्यात आजूबाजूचे गवत वाळून पिवळे पडले तरी कड्यावरची एखादी आडवी रेघ हिरवीच राहते. पाणी कुठे झिरपते याची ती खूण.

पायथ्याच्या विहिरीतला साठाही याच खडकाच्या भेगांतला. तो मुळात बेताचा असतो आणि सारा गाव, गुरेढोरे आणि शेती त्याच्यावर अवलंबून असते. गडावर पिणारी तोंडे आज थोडी उरली आहेत, म्हणून तिथला साठा मेपर्यंत पुरतो.

निसर्गाने एवढे दिले, पुढचे काम पाथरवटांनी केले. टाके खोदायला त्यांनी भेगा नसलेला भरीव पाषाण निवडला, म्हणजे आत आलेले पाणी गळून जाणार नाही. काही टाकी कातळाच्या पोटात शिरणारी आहेत. वरचे छत कोसळू नये म्हणून मध्ये कातळाचेच खांब राखलेले असतात. त्यांना खांबटाकी म्हणतात. त्या छतामुळे पाण्यावर ऊन पडत नाही, वारा लागत नाही आणि बाष्पीभवन कमी होते. शिवाय कातळाच्या आतले तापमान दिवसाच्या उन्हाने फारसे हलत नाही, म्हणून पाणी गार राहते.

टाक्याजवळ वाकून पाहिले की कारागिराची बुद्धी दिसते. भिंतीवर छिन्नीच्या तिरप्या खुणा अजून शाबूत असतात. वरच्या उतारावर बोटभर खोलीची एक पन्हळ कोरलेली असते आणि तिच्यातून पावसाचे पाणी नेमके तोंडाशी येते. बऱ्याच ठिकाणी टाकी एकाखाली एक अशी ओळीने खोदलेली आहेत. पहिल्यात गाळ खाली बसतो आणि वरचे निवळ पाणी ओसंडून पुढच्यात जाते. खोदताना निघालेला दगड तटाबुरुजांना कामी आला. एकाच मेहनतीत पाणी आणि संरक्षण या दोन्हींची सोय झाली.

भोकातले स्फटिक आणि कड्यातले नेढे

भोकाभोकांच्या त्याच खडकाने आणखी एक नवल जपून ठेवले आहे. वाटेवर फुटून पडलेल्या धोंड्याच्या पोकळीत कधी पांढरे, कधी फिक्या गुलाबी रंगाचे, तर कधी हिरवट स्फटिक चमकतात. लाव्हा थंड झाल्यानंतर कोमट पाणी या खडकातून दीर्घकाळ फिरत राहिले. त्याने खडकातली सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम अशी द्रव्ये विरघळवून घेतली आणि रिकाम्या पोकळ्यांत कणाकणाने सोडली. भोक जितके मोठे, तितकी स्फटिकाला वाढायला जागा जास्त.

यांतली बरीच खनिजे ‘झिओलाइट’ या कुळातली आहेत. त्यांच्या अणूंच्या रचनेत अतिसूक्ष्म पोकळ वाटा असतात आणि त्या वाटांत पाण्याचे रेणू वस्तीला असतात. खनिज तापवले की हे पाणी निघून जाते, तरी रचना बहुधा टिकून राहते. अशा पोकळ रचनेचे पदार्थ पाणी शुद्ध करायला आणि कपड्यांच्या पावडरीत वापरले जातात. उद्योगासाठी ते आता बहुतांशी कारखान्यात तयार होतात. सह्याद्रीत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि स्कोलेसाइट ही झिओलाइट नेहमी भेटतात. त्यांच्या सोबतीला ॲपोफिलाइट असते. त्याचा हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अंशामुळे येतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले गर्द निळे कॅव्हनसाइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. ज्यांना ही संपत्ती एका छपराखाली पाहायची असेल, त्यांच्यासाठी सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय आहे.

सगळे थर सारख्याच वेगाने झिजत नाहीत. कड्याचा अरुंद सुळका किंवा माची असेल आणि तिच्यात एखादा ठिसूळ, भेगाळलेला पट्टा असेल, तर वारा, पाऊस आणि दिवसरात्रीच्या तापमानातला फरक दोन्ही बाजूंनी तोच पट्टा पोखरत जातात. शेवटी दोन खळगे एकमेकांना भेटतात आणि कातळाला आरपार खिडकी पडते. हेच नेढे. राजगडाच्या सुवेळा माचीवरचे आणि रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे प्रसिद्ध आहे. रतनगडाच्या नेढ्यात माणसे आरामात बसू शकतात. तिथे वारा इतका जोराचा का लागतो, याचे उत्तर पुढच्या नवलात आहे.

वर उडणारा धबधबा

जुन्नरजवळच्या नाणेघाटात जुलै-ऑगस्टमध्ये कड्यावरून कोसळू पाहणारे पाणी खाली जाण्याऐवजी फवारा होऊन परत माथ्यावर येते. आंबोलीजवळ कावळेसादला आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरही हा खेळ दिसतो. गुरुत्वाकर्षण कुठेही रजेवर गेलेले नसते. फक्त त्याच्याशी झुंजणारे बळ त्या घटकेला जास्त असते.

नैऋत्येकडून येणारा मोसमी वारा अरबी समुद्र आणि कोकणपट्टी ओलांडतो आणि त्याच्यापुढे एकदम उभी भिंत येते. पुढे जायला वाव नाही, मागून आणखी हवा रेटत असते, म्हणून वारा कड्याला घासत वर चढतो. कडा आत वळलेला असेल किंवा दोन डोंगरांमध्ये खिंड असेल, तर रुंद जागेतली हवा अरुंद जागेत कोंडते आणि तिचा वेग वाढतो. नेढ्यात वारा झोंबतो तोही याच कारणाने.

आता पाण्याकडे पाहू. कड्याच्या ओठावरून सुटलेली बारीक धार थोड्याच अंतरात थेंबांत फुटते. पडत्या थेंबाला हवा विरोध करते, त्यामुळे त्याचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही. एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबासाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे ४ मीटर, तर पाच मिलिमीटरच्या मोठ्या थेंबासाठी सुमारे ९ मीटर असते. वर चढणाऱ्या वाऱ्याचा वेग याहून जास्त झाला की थेंब खाली जाऊच शकत नाही. ताशी ३२ किलोमीटरच्या पुढचा वर जाणारा वारा सगळ्यात मोठे थेंबही उचलू शकतो आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर असे झोत नित्याचे असतात.

म्हणूनच उलटा धबधबा पाहायला ओहोळ लहान लागतो. मुसळधार पावसात ओढा फुगला की पाणी थेंबांत न फुटता जाड लोटाने कोसळते आणि वाऱ्याला दाद देत नाही. वारा पडला तरीही धबधबा पुन्हा सरळ होतो. एक धोका मात्र ध्यानात ठेवायला हवा. वाऱ्याच्या जोरावर रेलून कड्याच्या टोकाशी उभ्या राहिलेल्या माणसाचा, झोत अचानक थांबला की, तोल पुढे जातो.

सावलीभोवती रंगांचे कडे

कोकणकड्यावर पावसाळ्याच्या आगेमागे कधीकधी सकाळी वेगळाच देखावा जमून येतो. कोकण धुक्याने भरलेले, धुक्याचा माथा कड्याच्या जरा खाली, पाठीशी पूर्वेला सूर्य. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाची सावली समोरच्या धुक्यावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. हेच इंद्रवज्र.

मुंबई सैन्यातला अधिकारी कर्नल विल्यम साइक्स याने हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या या वर्तुळाची नोंद दख्खनच्या हवामानावरच्या आपल्या निबंधात केली. तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ मध्ये छापून आला.

पुष्कळजण याला गोल इंद्रधनुष्य समजतात, पण दोहोंची घडण वेगळी आहे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत होते. प्रकाश थेंबात वाकतो, आतल्या बाजूवर परावर्तित होतो आणि सावलीच्या दिशेपासून सुमारे ४२ अंशांवर बाहेर पडतो. इंद्रवज्र मात्र धुक्याच्या थेंबांचे काम आहे आणि हे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतात. इतक्या बारीक थेंबातून प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने परत फिरतो आणि वेगवेगळ्या मार्गांनी आलेल्या त्याच्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मिटवतात. प्रत्येक रंगाची लहर वेगळ्या लांबीची, म्हणून प्रत्येक रंगाचे कडे वेगळ्या अंतरावर पडते: तांबडे बाहेर, निळे आत. हे वर्तुळ इंद्रधनुष्यापेक्षा खूप लहान असते. थेंब जितके बारीक, तितके कडे मोठे.

त्यातली सर्वांत मजेची गोष्ट अशी, की शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना एकच इंद्रवज्र दिसत नाही. प्रकाश आल्या दिशेला परततो, त्यामुळे ज्याच्या त्याच्या डोळ्यांत ज्याचे त्याचे वर्तुळ भरते आणि प्रत्येकाला कडे आपल्याच डोक्याभोवती दिसते.

अशाच एका देखाव्याने भौतिकशास्त्राला वळण दिले. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत १८९४ मध्ये चार्ल्स विल्सन हा तरुण शास्त्रज्ञ काही दिवस राहिला होता. ढगांवर उमटलेली रंगीत कडी पाहून त्याला ती प्रयोगशाळेत घडवावीशी वाटली. त्यासाठी कृत्रिम ढग तयार करता करता त्याने ‘क्लाउड चेंबर’ बनवले. अणूहून लहान कणांचा मार्ग त्यात थेंबांच्या रेघेने डोळ्यांना दिसतो. या कामासाठी विल्सनला १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९३२ मध्ये पॉझिट्रॉन या कणाचा शोध याच साधनात लागला.

काळोखात उजळणारे लाकूड

कड्याला धडकून वर चढणारी हवा थंड होते आणि तिच्यातली वाफ पाऊस होऊन घाटमाथ्यावर कोसळते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेकडच्या दहिवडीला जेमतेम पाचशे. घाटमाथ्याच्या जंगलात पडलेली फांदी चार महिने ओलीच राहते आणि बुरशीला यापेक्षा चांगले घर मिळणार नाही.

भीमाशंकरच्या अरण्यात, तसेच गोव्याच्या म्हादई अभयारण्यात पावसाळी रात्री काही कुजकी लाकडे हिरवट प्रकाशाने उजळतात. हा प्रकाश लाकडाचा नसून त्यात पसरलेल्या बुरशीच्या तंतूंचा असतो. मायसिना या गटातल्या काही बुरश्या त्यासाठी ओळखल्या जातात. बुरशीच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि सुटलेली ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे लाकडाला हात लावला तरी ते गारच लागते. बुरशीतल्या या प्रक्रियेचे सगळे टप्पे शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उलगडले.

बुरशीला याचा उपयोग काय? ब्राझीलमधल्या एका चमकत्या बुरशीवरचा २०१५ चा अभ्यास एक उत्तर देतो. संशोधकांनी कृत्रिम अळंबी बनवून काहींत हिरवे दिवे बसवले, तेव्हा उजळलेल्या अळंबीकडे जास्त कीटक आले. दाट जंगलात वारा पोचत नाही, तिथे बीजाणू पसरवायला कीटक कामी येतात. सगळ्याच चमकत्या बुरश्यांना हे लागू पडते असे मात्र नाही.

हे दृश्य पाहायला धीर लागतो. विजेरी बंद केल्यावर डोळे काळोखाला सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तोवर समोर नुसता अंधार असतो. मग एकेक फांदी राखट-हिरवी दिसू लागते. छायाचित्रांतला भडक हिरवा रंग कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवल्यामुळे येतो.

कड्यातून जाणारी माणसे

उभ्या कड्याने माणसाचीही वाट ठरवली. देशावरून कोकणातल्या बंदरांकडे उतरायचे तर कडा जिथे थोडा मोडतो, तिथूनच जावे लागे. म्हणून अशा खिंडींत माणसांच्या खुणा दाट सापडतात. नाणेघाट कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांना जुन्नरशी जोडत होता. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे आणि जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरा सांगते.

शेजारच्या गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. अभ्यासकांचे लक्ष त्याकडे १८२८ मध्ये वेधले, ते याच कर्नल साइक्सने. अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची ती यादी आहे. दानाचा हिशेब असल्यामुळे तिच्यात आकडेही आहेत आणि भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. शून्य तिथे नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा आहेत. १७ लिहायचे तर दहाची खूण काढून शेजारी सातची खूण काढायची, अशी ती पद्धत.

चौकट : थोडक्यात

- टाक्यातले पाणी : भरीव पाषाण आणि तांबडी माती पाणी अडवतात, सावलीमुळे ते टिकते.
- स्फटिक : लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत कोमट पाण्याने सोडलेली खनिजे.
- नेढे : अरुंद कड्यातला ठिसूळ पट्टा दोन्ही बाजूंनी झिजून पडलेले भोक.
- उलटा धबधबा : वर चढणारा वारा थेंबाच्या पडण्याच्या वेगाला मागे टाकतो.
- इंद्रवज्र : धुक्याच्या बारीक थेंबांतून परत फिरलेला प्रकाश.
- चमकते लाकूड : बुरशीतली उष्णता न देणारी रासायनिक प्रक्रिया.

नवल सापडले तर

स्फटिक जिथे आहे तिथेच राहू द्यावा. अभयारण्यातून काहीही उचलून नेणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिलालेख नीट वाचता यावा म्हणून त्यावर खडू, चुना किंवा तेल फासू नये. त्याने अक्षरे कायमची बिघडतात. कडेने पडणाऱ्या सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप उठून दिसतात. रात्रीच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. टाक्यात साबण लावून आंघोळ तर करूच नये, कारण ते पाणी मागून येणाऱ्यांचे आणि जंगलातल्या जनावरांचेही असते.

अनोळखी कोरीवकाम दिसले तर छायाचित्र काढावे, शेजारी मोजमापासाठी काठी किंवा पट्टी ठेवावी, जागेची नोंद करावी आणि गावकऱ्यांना व पुरातत्त्व खात्याला कळवावे. याचे मोल किती, ते कोकणातल्या कातळशिल्पांनी दाखवून दिले. दमट हवेत बेसॉल्ट कुजून तयार झालेल्या जांभ्याच्या सड्यांवर ही चित्रे कोरलेली आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. गुराखी आणि गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागा, आणि त्यांचा माग काढत सडे तुडवणारे स्थानिक अभ्यासक, यांच्यामुळे एकेक चित्र नोंदले गेले. २०२२ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली ही स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली.